सिद्धम्माच्या मरणाला हरकत

सिद्धम्मा मेली ती मंगळवारी भर दुपारी, आणि तिला मरणाच्या दारात नेलं ते रुपालीच्याच अंगठ्यानं.

हे बाहेर कुणाला सांगायला जावं तर लोक हसतील. कारण सिद्धम्मा नावाची बाई कुणाच्या पोटी जन्मलेली नव्हती, आणि ती राहायची ते धूळकोट गाव कुठल्या नकाशात सापडायचं नाही. ते होतं मोबाइलमधल्या एका ग्रुपवर. तिथं जमलेल्या प्रत्येकानं एकेक पात्र घेतलेलं. आपलं पात्र काय करतं, काय बोलतं, ते ज्यानं त्यानं लिहायचं आणि दुसऱ्यानं आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचं. कुणी पाटील, कुणी कासार, कुणी वेशीवरचा जकातदार. खरं नाव, खरा पत्ता तिथं विचारायचा नाही आणि सांगायचा तर मुळीच नाही. पोरखेळ म्हणाल तर पोरखेळ. पण चार वर्षं रोज खेळलेला पोरखेळ माणसाच्या हाडीमाशी भिनतो, आणि ज्याच्या घरात दिवसभर बोलायला कुणी नसतं त्याच्या तर जरा जास्तच.

रुपालीच्या घरात कुणी नव्हतं. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, नवरा जोतिराम श्रीपूरला साखर कारखान्यात. गळीत हंगाम सुरू झाला की तो तिकडंच क्वार्टरवर राहायचा आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. बायकोला तिकडं न्यायचा नाही. क्वार्टर बायामाणसांच्या लायक नाही, म्हणायचा. जोतिराम वाईट आहे असं शेजारपाजारच्या एकानंही सांगितलं नसतं. आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. एवढंच, की तो आल्यापासून रुपालीच्या आयुष्यातल्या एकेक गोष्टी गळून पडत गेल्या होत्या. ती गणवेशाच्या दुकानात कामाला होती. एक दिवस जोतिराम तिथं गेला, मालकाबरोबर हसतखेळत चहा प्याला, आणि दुसऱ्या दिवशी मालकानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं. सांगोल्याकडचा भाऊ अधूनमधून फोन करायचा, तो करेनासा झाला. कारण विचारलं की जोतिराम म्हणायचा, ‘मला काय म्हाईत.’ तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथं तर बुक्कीही दिसत नव्हती.

आणि गेल्या उन्हाळ्यातली ती गोष्ट. श्रीपूरला जाताना तो दाराला बाहेरून कुलूप लावून गेला. सोलापुरात नळाला पाणी काही रोज येत नाही. हंडे रिकामे झाले, त्याचा फोन लागेना, आणि खिडकीतून शेजाऱ्यांना हाक मारायची म्हटलं तर रुपालीला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो आला. कुलूप काढून आत बघितलं आणि शांतपणे म्हणाला, “इसरलो बग. पन कुनाला सांगितलं न्हाईस, ते बरं केलंस.”

त्या दिवसापासून तो गेला की रुपाली आतून कडी लावून बसायची. दिवाळीत त्यानं चोऱ्या वाढल्यात म्हणून टीव्हीच्या फळीवर एक पांढरा कॅमेरा बसवला, लिंबाएवढा, तोंड दाराकडं. दारावर नजर राहील म्हणाला. अधूनमधून कॅमेरा मान वळवायचा. ते आपोआप होतं, असंही त्यानं सांगितलं होतं.

तर अशा घरात सिद्धम्मा राहात होती. धूळकोटच्या खिंडीची ती राखणदार, हातात काठी, तोंडात शिवी, कुणाच्या बापाला न भिणारी. रुपालीला जे जे कुणाला तरी ऐकवायचं असायचं ते सिद्धम्मा पाटलाला ऐकवायची, आणि सगळा गाव टाळ्या पिटायचा. लिहिण्याआधी रुपालीची एक खोड होती. वाक्य आधी तोंडानं म्हणून बघायचं. भाकरी थापता थापता ती सिद्धम्माच्या आवाजात मोठमोठ्यानं बोलायची, दोन-तीनदा घोळवायची आणि जिभेला पटलं की मग हात धुऊन लिहायची. म्हणून तर सिद्धम्माचं बोलणं त्या ग्रुपवर सगळ्यात जिवंत वाटायचं.

ग्रुपची लिंक कुणालाही खुली होती; थंडीत गावात एक नवा माणूस आला. चनमल्लप्पा, धान्याचा व्यापारी. गोड बोलायचा, अडल्यानडल्याला धान्य द्यायचा, कुणाशी वाकड्यात नाही. बघता बघता अर्धा गाव त्याच्या बाजूचा झाला, आणि मग त्यानं खिंड मागितली. सिद्धम्मानं काठी दाखवली. म्हणतात ना, साप म्हणू नये धाकटा. त्यानं एकेकाला फोडत नेलं, आणि शेवटी सिद्धम्मा खिंडीतल्या जुन्या चुन्याच्या भट्टीत कोंडून घेऊन बसली. भट्टीचं दार दगडी, आडणा, म्हणजे आडवा दांडा, आतून. तिनं स्वतः उघडल्याशिवाय ते उघडणार नव्हतं, आणि आतून उघडायला सिद्धम्मा काही खुळी नव्हती.

मंगळवारी दुपारी चनमल्लप्पानं लिहिलं: ‘चनमल्लप्पा एकटाच भट्टीपाशी आला. हातात काही नव्हतं. त्यानं हाळी दिली, ये गं काळे, पान्याला चल. लेकराला मागं ठिवू नगं.’

रुपालीच्या हातातून पीठ सांडलं.

ही तिच्या आईची हाळी होती. आई मेंढरं राखायची. एका वर्षी काळी मेंढी कोकरू माळावर टाकून पाण्यावर आली आणि कोकरू लांडग्यानं नेलं. तेव्हापासून आई काळीला हाक मारताना शेवटी ते कोकराचं म्हणायची. दुसरं कुणी असं म्हणत नव्हतं. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. रुपालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि अंगठा आपोआप चालला: ‘सिद्धम्मानं आडणा काढला.’

पुढचं सगळं चनमल्लप्पानं लिहिलं. त्यानं तिला आत ढकललं, दार बाहेरून दगडांनी बंद केलं, चिखलानं लिंपलं. मग समोरच्या झाडाखाली बसला. ‘घाई नव्हती,’ त्यानं लिहिलं. ‘उन्हाळा होता आणि आत पाणी नव्हतं. तो द्राक्षं खात बसला.’

धूळकोटात मरण दोन तऱ्हेचं. कच्चं मरण म्हणजे पात्र आजारी पडतं, परगावी जातं आणि काही दिवसांनी परत येतं. पक्कं मरण म्हणजे कायमचं. पात्राचं नाव वेशीच्या दगडावर लिहितात आणि पुन्हा ते नाव कुणी घ्यायचं नाही, चालवणाऱ्यानंही नाही. आपल्याच हातानं ओढवून घेतलेलं मरण पक्कं, हा गावाचा पहिल्यापासूनचा नियम. आडणा सिद्धम्मानं काढला होता. दहाव्यापर्यंत हरकत घ्यायची सोय होती, तेवढीच.

दोन दिवसांनी जोतिराम सुट्टीवर आला. येताना द्राक्षं घेऊन आला. रुपालीनं ती धुऊन ताटलीत ठेवली आणि का कोण जाणे, एकही तोंडात घातलं नाही.

“डोळं का सुजल्यात?” त्यानं विचारलं.

“कांदा चिरला.”

“कुनी गेल्यागत दिसतीयास.”

“कोन जाईल माजं.”

“तेच म्हनतो,” जोतिराम म्हणाला आणि देठापासून एकेक द्राक्ष तोडत बसला. “हंगाम संपत आलाय. पट्टा पडला की मी घरातच हाय मग. तुला एकटं वाटायचं न्हाय.”

एरवी कुठल्याही बायकोला या वाक्यानं बरं वाटलं असतं. रुपालीला वाटलं नाही. कारखान्याचा पट्टा पडला, की ऊस संपला, गाळप बंद, आणि जोतिराम महिनोन्‌महिने याच चार भिंतींत. तेव्हा सिद्धम्माही नसणार. कुणाशीही, कुठंही, कशाच्याही आडून तोंड उघडायची जागा उरणार नव्हती. तो श्रीपूरला गेल्या गेल्या तिनं हरकत टाकली.

गावाच्या चावडीवर तीन पंच होते. मुख्य आण्णा. बार्शीच्या बाजारात त्यांची अडत होती आणि हे गाव त्यांनीच वसवलेलं. माणूस तिरसट पण सरळ. नियमाला बोट लावू द्यायचा नाही. दुसरा मोडनिंबचा सिद्धनाथ, हायवेवर हॉटेल चालवायचा. आणि तिसरी धम्मप्रिया. ती सोलापुरातलीच, बुधवार पेठेतली, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. नियम मोडून दोघी एकदा नवी पेठेत भेटल्या होत्या, आणि रुपालीचं खरं नाव त्या गावात फक्त तिला माहीत होतं.

रुपालीनं हरकतीत कानाचा नियम पुढं केला. हा नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ: जे पात्राच्या कानावर पडलेलं नाही ते पात्राला माहीत नसतं. तुम्ही घरी बसून काहीही वाचा, ऐका. तुमच्या पात्राला ते वापरता येत नाही. वापरलं तर डाव रद्द. ती हाळी धूळकोटात कधी कुणी उच्चारलेली नाही. मग चनमल्लप्पाला ती आली कुठून?

‘धनगरी हाळी ती,’ चनमल्लप्पानं लिहिलं. ‘माळावर सगळेच देतात. बाईंना लागली, त्यांनी दार उघडलं. यात माझा काय दोष?’

आण्णांनी माल उतरताना, लिलावाच्या मधल्या वेळात, चार वर्षांचं लिखाण चाळून काढलं. मग लिहिलं: ‘हाळी आपल्या गावात कुठंही नाही, हे खरं. पण सिद्धम्मा, ती जगात दुसरं कुणी देत नाही हे तूच म्हणतेस. हरकत घेणाऱ्यानं दाखवावं लागतं की समोरच्यानं ऐकलं कुठून. ते दाखव, नाहीतर दहाव्याला नाव दगडावर जाईल. मला वाईट वाटेल, पण जाईल.’

धम्मप्रियानं वेगळा मेसेज टाकला. ‘ती हाळी तू कुणाला म्हणून दाखवली होतीस?’

‘कुनालाच न्हाय.’

‘नवऱ्याला?’

‘त्याला तर आईचं नावबी काढलेलं चालत न्हाय. मेंढरामागची म्हनतो.’

‘स्वतःशी तरी?’

रुपालीनं मोबाइल ओट्यावर ठेवला. स्वतःशी म्हटली होती. मरणाच्या आदल्या दिवशी, इथंच, तव्यासमोर. सिद्धम्माला भट्टीत एकटं असताना काय आठवत असेल, म्हणून तिनं हाळी म्हणून बघितली होती, एकदा हळू, एकदा गळा काढून. मग रडू आलं म्हणून लिहायची टाळली. दार बंद होतं, खिडकी बंद होती.

आणि मग तिला कुकर आठवला. संक्रांतीच्या सुमारास जोतिराम घरी आल्या आल्या म्हणाला होता, “भाताला पाच शिट्ट्या कशाला करतीस? तिनात हुतो.” ती हसली होती. नवऱ्याला फोनवर ऐकू आलं असेल, असं वाटलं होतं. त्याला अशी सवयच होती. शेजारीण येऊन गेली की तिचं काय काम होतं ते तो विचारायचा नाही, सांगायचा. आपल्याला सगळं कळतं हे दाखवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागायचं नाही.

ती सावकाश मागं वळली. स्वयंपाकघराच्या चौकटीतून टीव्हीची फळी दिसत होती. कॅमेऱ्याचं तोंड दाराकडं नव्हतं. ते तिच्याकडं होतं.

भिंतीला कान असतात म्हणतात. पण भिंत बिचारी ऐकते आणि गप राहते.

रुपाली वाळत घातलेले कपडे आणायला म्हणून गच्चीवर गेली आणि तिथून तिनं धम्मप्रियाला फोन लावला. तिचे दात वाजत होते, आणि ऊन तर असं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता.

“तू आत्ताच्या आत्ता माझ्याकडं ये,” धम्मप्रिया म्हणाली. “हरकतीचं राहू दे की आता.”

“राहू दिली तर सिद्धम्मा मरतीया.”

“मरू दे गं. तू राहा म्हणजे झालं.”

“मी कवाच न्हाय, धम्मा. ऱ्हायलीया ती तीच.” रुपालीनं पदरानं तोंड पुसलं. “आन् मला एकदा खात्री करू दे. उगं कुनाच्या नावानं असलं बोलायचं म्हंजी लई वाईट. तो नसंलबी. नसूच दे.”

धम्मप्रिया म्हणाली, “उद्या दुपारी मी सुट्टी काढून स्कूटी घेऊन येते. पिशवी भरून ठेव. कॅमेऱ्यासमोर भरू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे चावडी बसायच्या जरा आधी, रुपाली ओट्यापाशी उभी राहिली आणि सिद्धम्माच्या आवाजात भाकरीला सांगू लागली. “नागम्मा, माजे धाकटे भैनी, तू म्हसोबाच्या माळावर लपून ऱ्हा. तू जित्ती हायीस हे कुनाला कळू द्यायचं न्हाय.” दोन-तीनदा घोळवलं, नेहमीसारखं. पीठ मळताना तिचा आवाज थरथरला नाही. सिद्धम्माचा आवाज कधी थरथरायचाच नाही. नागम्मा नावाचं पात्र धूळकोटात नव्हतं. सिद्धम्माला बहीणच नव्हती. हे नाव रुपालीनं त्या क्षणापर्यंत कुठंही लिहिलं नव्हतं आणि नंतरही लिहिलं नाही.

चावडी बसली. आण्णांनी दोघांना शेवटचं काय ते मांडायला सांगितलं. रुपालीनं एवढंच लिहिलं की तिला आज सांगण्यासारखं काही नाही. मग ती मोबाइलकडं बघत बसली. त्या वेळी तिनं मनातल्या मनात देवाला काय मागितलं असेल? हरकत जिंकावी म्हणून नव्हे. हरावी म्हणून मागितलं. चनमल्लप्पानं नागम्माचं नाव घेऊ नये, सिद्धम्मा मेली तर मरू दे, पण हा माणूस दुसरा कुणीतरी असू दे.

चनमल्लप्पा लिहीत असल्याच्या खुणा बराच वेळ हलत राहिल्या.

‘पंचांना माझी विनंती,’ त्यानं लिहिलं. ‘मेलेलीला परत कशाला आणता? त्यांना खेळायचंच असेल तर सिद्धम्माची धाकटी बहीण नागम्मा आहे ना माळावर. तिला घेऊन खेळा. माझी हरकत नाही.’

आण्णांनी दोनच शब्द टाकले: ‘नागम्मा कोण?’

सिद्धनाथानं विचारलं, धम्मप्रियानं विचारलं, उत्तर आलं नाही. शेवटी रुपालीनं लिहिलं: ‘सिद्धम्माला भैन न्हाय. हे नाव मी आज सकाळी माज्या घरात, दार लावून, एकटीनं तोंडानं म्हनलं हुतं. तिथंच हाळीबी म्हनली हुती. दुसरं काय दाखवायचं?’

आण्णांचा निकाल यायला उशीर लागला नाही. चनमल्लप्पा चालवणाऱ्यानं गावाबाहेर ऐकलेलं गावात वापरलं. सिद्धम्माचं मरण रद्द. चनमल्लप्पाला गावबंदी. आणि खाली, असलं कधी न लिहिणारा माणूस, पण लिहिलं: ‘पोरी, जपून राहा.’

गावात पोळ्याच्या सणासारखा गोंधळ उडाला. कुणी ढोल वाजवला, कुणी भंडारा उधळला. रीत अशी की मरण रद्द झालेलं पात्र दुसऱ्या दिवशी दुपारी परत येतं, सगळा गाव वेशीत जमतो, आणि पहिली ओळ ज्याची त्यानंच लिहायची. ती ओळ लिहिल्याशिवाय पात्र जिवंत धरत नाहीत. रुपाली हे सगळं बघत जमिनीवर बसून होती. जिंकली होती, आणि अंगातलं सगळं पाणी आटल्यासारखं झालं होतं.

धम्मप्रियाला त्या दुपारी सुट्टी मिळाली नाही. परीक्षेचे फॉर्म होते, उद्या दुपारी नक्की येते म्हणाली. तिनं फोनवर दहादा सांगितलं, रिक्षा करून ये, आत्ता ये. रुपाली निघालीही असती. पण संध्याकाळी नेहमीच्या वेळेला जोतिरामचा फोन आला.

“जेवलीस?”

“व्हय.”

“आज काय क्येलंतं?”

“भाकरी. मुगाची आमटी.”

“बरं क्येलंस.” आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. मागं कारखान्यात, ऊस टाकायच्या गव्हाणीत मोळ्या पडल्याचा धडधडाट ऐकू येत होता.

“पट्टा कवा पडतुय?” तिनं विचारलं.

“आजून आठवडा तर हाय की. का गं?”

“उगंच.”

आठवडा आहे म्हटल्यावर माणूस सैल पडतो. रुपालीनं विचार केला, उद्या दुपारी गाव वेशीत जमेल, आपण ती एक ओळ आपल्या घरात, आपल्या ओट्याशी लिहू. तेवढ्यात धम्मप्रिया येईल, तिच्या मागं बसून जाऊ. चार वर्षं जिनं सोबत केली तिला रिक्षातल्या हिसक्यात, कुठंतरी कोपऱ्यात उठवायचं तिच्या जिवावर आलं. चूकच ती. पण ज्यानं कधी एखादं पात्र जिवापाड चालवलं असेल तो तिला नावं ठेवणार नाही.

दुसरा दिवस उजाडला तो तापूनच. दुपारी पिशवी न्हाणीघरात भरून ठेवलेली होती. आतली कडी लावलेली होती. मोबाइलवर गाव जमला होता. पाटील आला होता, कासारीण आली होती, जकातदार झेंडा घेऊन उभा होता. सगळे सिद्धम्माच्या ओळीची वाट बघत होते. रुपालीनं तोंडानं म्हणून बघितलं नाही. तसंच लिहायला घेतलं: ‘भट्टीचं दार’

एवढ्यात बाहेरून दाराच्या लॅचमध्ये किल्ली फिरली.

दार इंचभर हललं आणि कडीला अडलं. एकदा अडलं, पुन्हा एकदा अडलं. मग बाहेर कुणी काही बोललं नाही, कडी वाजवली नाही, बेल दाबली नाही. जिना उतरून गेल्याचं पाऊलही वाजलं नाही. पट्टा पडला होता. आठवडा वगैरे काही नव्हता. रुपाली दारापाशी जाऊन उभी राहिली.

आवाज आला तो दारातून नाही. तिच्या पाठीमागून आला, टीव्हीच्या फळीवरून.

“ये गं काळे,” कॅमेऱ्यातून जोतिराम म्हणाला. हळू, मायेनं, अगदी आई म्हणायची त्या चालीवर. “पान्याला चल. लेकराला मागं ठिवू नगं.”

त्या लिंबाएवढ्या डब्याला तोंडही आहे, हे रुपालीला तेव्हा कळलं. आणि खोटं कशाला सांगा, तिचा हात कडीवर गेला होता. आपोआप गेला होता, मंगळवारी अंगठा गेला तसा. आईच्या शब्दांना नाही म्हणायला ती कधी शिकलीच नव्हती. कडीचं लोखंड गरम लागत होतं.

“काड की कडी,” आवाज म्हणाला. “मी काय करतोय तुला? कवा काय क्येलंय का?”

रुपालीनं हात काढून घेतला. फळीपाशी गेली, कॅमेऱ्याची वायर उपसली आणि डबा पाण्याच्या हंड्यात टाकला. मग दाराला पाठ लावून खाली बसली आणि मोबाइल हातात घेतला. अर्धी ओळ तशीच होती. तिनं ती पुरी केली.

‘भट्टीचं दार बंद हाय. सिद्धम्मा जित्ती हाय. भाईर चनमल्लप्पा हुबा हाय, तो खराखुरा हाय, त्याच्याकडं किल्ली हाय.’

गाव पेटून उठला. ‘सिद्धम्मा, आडणा काढू नगंस.’ ‘आमी मशाली घेऊन निगालो.’ ‘पाटलाची घोडी सुटली खिंडीकडं.’ एकामागून एक ओळी येत होत्या, सगळ्या झकास, सगळ्या शौर्याच्या. धम्मप्रिया स्कूटीवर वाटेत असणार; बाकी कुणालाच कळलं नव्हतं. रुपालीला हसू आलं की रडू, तिचं तिलाही कळेना. पाठीला दार हललं. या वेळी जरा जोरात, आणि वरच्या बिजागरीतून लाकडाचा भुसा तिच्या खांद्यावर पडला.

मग त्या सगळ्या मशाली-घोड्यांच्या मध्ये एक ओळ आली. आण्णांची. चार वर्षांत ज्या माणसानं एकाही नियमाला बोट लावू दिलं नव्हतं, त्यानंच भर चावडीवर लिहिलं होतं:

‘सगळ्यांनी गप्प बसा. पोरी, तुझं खरं नाव आणि पत्ता लिही.’

गाव एकदम थांबला. दाराला पाठ तशीच रेटून रुपालीनं आपलं नाव लिहिलं, मग आडनाव, मग बिल्डिंगचं नाव. मजला लिहीत होती तेव्हा बाहेर हाळी पुन्हा सुरू झाली, आता थेट दाराच्या फटीतून, तिच्या कानाशी.